लॅपटॉप नसलेला इलेक्ट्रॉनिक बँड: एलसीडी साउंडसिस्टीम, नॉकडाऊन सेंटर, न्यू यॉर्क

डिसेंबर २०२४ मधे तीन आठवडे मामेबहिणीकडे न्यू जर्सीला होतो. निघायच्या आधी ऑफिसात, सोसायटीत ज्याने त्याने विचारलं की काय काय बघणार, तर लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, एखादं म्युझियम असं सांगून मोकळा झालो. पण खरी गोष्ट ही की विमानाच्या तिकिटाच्या तारखा मी एका बँडच्या शोवरून ठरवल्या होत्या आणि हे बायको सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. ४३ वर्षांचा माणूस, डावा गुडघा कुरकुरतोय, आणि हा तिकडच्या थंडीत तीन तास उभा राहून धाड-धाड ऐकायला चाललाय हे आईला पटवायचं म्हणजे वेगळीच मीटिंग झाली असती.

बँड म्हणजे एलसीडी साउंडसिस्टीम. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडून द्या. जेम्स मर्फी नावाच्या माणसाचा हा बँड, डिस्कोचा ठेका, पंकवाल्यांचा तिरसटपणा आणि ढीगभर जुने सिंथेसायझर असं मिश्रण आहे, त्यामुळे इंडीवाले, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं रॉक ऐकणारे, म्हणतात आमचा आणि डान्सवाले म्हणतात आमचा. २००२ मधे ‘लूझिंग माय एज’ ही पहिली सिंगल आली तेव्हा तो ३२ चा होता, म्हणजे या धंद्यात काकाच. गाण्याचा विषय पण तोच, एक रेकॉर्डवेडा माणूस छाती ठोकून सांगतोय की भारी भारी सगळं मी आधी ऐकलंय, मी तिथे होतो, आणि आतून त्याची टरकलीय की मागून येणाऱ्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मला हे एका मित्राने सीडी राइट करून दिली होती त्यात मिळालं, २००५-०६ असेल, आणि ऐकताना घाम फुटला कारण तो माणूस मीच होतो. शनिवारी मुंबईतल्या रिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानात जायचं, हेडफोन लावून तासभर फुकट ऐकायचं, आणि सोमवारी कुणी काही नाव घेतलं की ‘हे ना, कधीच ऐकलंय’. रिदम हाऊस २०१६ मधे बंद झालं, आता कुणासमोर शायनिंग मारायची सोयही उरली नाही.

तर हे लोक २०११ मधे संपले होते. रीतसर. २ एप्रिलला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे जवळजवळ चार तासांचा निरोपाचा शो केला, लोक रडले, त्यावर फिल्म पण आली, आणि २०१६ मधे परत आले. तेव्हा बरेच फॅन चिडले होते की आम्ही रडलो त्याचं काय. मला हे काही लागलं नाही, आपण ‘शेवटचे ५ प्रयोग’ अशी नाटकाची जाहिरात वाचत मोठे झालोय, पुढच्या महिन्यात परत ‘लोकाग्रहास्तव’ येणार हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं. आणि आले ते रिकाम्या हाताने पण नाही आले, २०१७ चा अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या खपाच्या यादीत एक नंबरला गेला, जे त्यांचं आधी कधीच झालं नव्हतं. हल्ली हे लोक हिवाळ्यात न्यू यॉर्कमधेच एखाद्या हॉलमधे मुक्काम ठोकतात आणि रात्रीमागून रात्री वाजवतात. पाहुण्या माणसाला हे बरं पडतं, एक तारीख हुकली तर दुसरी असते.

आता एक योगायोग सांगतो जो मला तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळला, म्हणजे वाचलं कधीतरी असणार पण डोक्यात बसलं नव्हतं. ताई राहते प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या जवळ. अर्धी कॉलनी आपलीच, तेलुगू, गुजराती आणि मराठी, गणपतीत आरत्यांचा आवाज येतो म्हणे. आणि जेम्स मर्फी प्रिन्स्टन जंक्शनचा! तिथेच वाढला, तिथल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो शाळेतून १९८८ ला बाहेर पडला. माझी भाची सध्या त्याच शाळेत आहे. मी हे तिला प्रचंड उत्साहाने सांगितलं, तिने फोनवरून मान वर करून विचारलं, ‘कोण?’ मी एक गाणं लावलं. वीस सेकंद ऐकून म्हणाली, मामा, हे आमच्या सायन्सच्या सरांसारखे दिसतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण दिसतात.

तिकिटाची रडकथा थोडक्यात. मी भारतातून तिकिटं काढायला बसलो तोवर अधिकृत तिकिटं संपलेली, मग रीसेलच्या एका अॅपवरून दोन घेतली, दुसरं भावोजींसाठी कारण ताई म्हणाली रात्रीचं एकट्याने जायचं नाही. दाखवलेला भाव वेगळा, शेवटच्या पानावर फी लागून झालेला भाव वेगळा, आणि तिकीट फोनमधे उतरलं ते शोच्या तीन तास आधी, तोपर्यंत ‘येईल येईल’ एवढंच. रुपयात आकडा लिहीत नाही, आई वाचते. तुम्हाला जायचं असेल तर विक्री सुरू होते त्या दिवशी बँडच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, भारतात तेव्हा संध्याकाळ-रात्र असते, जागं राहायला काही लागत नाही.

भावोजी मूळचे सांगलीचे. गाणं म्हणजे लता, आशा, भीमसेन, आणि गाडीत अजय-अतुल, एवढ्यात त्यांचं जग पूर्ण आहे आणि त्याबद्दल त्यांना काही खंत नाही. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘गातात का नुसतंच वाजवतात?’ मी म्हटलं दोन्ही. ते ‘बरं’ म्हणाले आणि घारगे-पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन झोपले.

प्रिन्स्टन जंक्शनवरून न्यू यॉर्क पेन स्टेशन साधारण सव्वा तास. आणि हे पेन स्टेशन आहे बरोब्बर मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पोटात! म्हणजे ज्या हॉलमधे त्यांनी २०११ ला निरोप घेतला त्याच्या खालीच गाडी येऊन थांबते, वर लोक बास्केटबॉलला चाललेले, खाली आपण जिन्यावर ढकलाढकली करत. मी भावोजींना हे दाखवायला गेलो, त्यांनी डबा सांभाळत विचारलं संडास कुठेय.

तिथून सबवे, म्हणजे तिकडची मेट्रो. सबवेच्या गेटवर कार्ड किंवा फोन टेकवला की जो बीप वाजतो ना, त्या बीपवरून मर्फीने बरीच वर्षं डोकं खाल्लं होतं लोकांचं. त्याचं म्हणणं, हा बेसूर बीप सगळीकडे का, प्रत्येक स्टेशनला आपली सुरावट द्या, माणसं आत शिरताना आपोआप संगीत तयार होईल. काही झालं नाही त्याचं. पण एकदा हे माहीत झालं की तुम्ही गेटवर उभं राहून ऐकायला लागता, मी दोन मिनिटं ऐकत थांबलो आणि मागच्या बाईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एल लाइन. १४ व्या रस्त्यावरून बसायचं, नदीखालून ब्रुकलिनला, बेडफर्ड, लोरिमर, ग्रॅहम, ग्रँड, माँट्रोज, मॉर्गन आणि मग जेफरसन स्ट्रीटला उतरायचं. लोरिमरपर्यंत डब्यात सगळे पंचविशीचे आणि छान कपड्यातले, त्यानंतर डबा हळूहळू आमच्या वयाचा होत गेला, पिकलेल्या दाढ्या, जाड चष्मे, पायात आरामाचे बूट. मी मनात म्हटलं बरोबर गाडीत बसलोय.

स्टेशनपासून हॉल पंधरा-वीस मिनिटं चालत आहे आणि ते चालणं न्यू यॉर्कच्या कुठल्या टूरमधे दाखवत नाहीत. फ्लशिंग अॅव्हेन्यूने जायचं, दोन्ही बाजूला गोदामं, ट्रकांची रांग, टायरवाला, मधेच एखादी भिंत वरपासून खालपर्यंत रंगवलेली, वाऱ्याने कान गळून पडतात की काय असं झालेलं. ब्रुकलिन कधी संपतं आणि क्वीन्स कधी लागतं कळत पण नाही. रात्री शिवडी-रे रोडच्या बाजूने चालल्यासारखं, फक्त थंडी काढून टाका. भावोजी म्हणाले, ‘तू मला नक्की कुठे आणलंयस?’ आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात मला काळजी ऐकू आली.

नॉकडाऊन सेंटर हे नाव मला बॉक्सिंगवरून असेल वाटलेलं. तसं नाहीये. ही शंभरेक वर्षांपूर्वीची काचेची फॅक्टरी, नंतर तिथे दरवाजे बनायला लागले, आणि दरवाजाची जी चौकट सुट्या तुकड्यांत पाठवून तयार भिंतीत जागेवर बसवता येते ती तिकडे १९५० च्या दशकात इथूनच निघाली. अशा सुट्या चौकटीला ते लोक नॉक-डाऊन म्हणतात. म्हणजे सुताराचा शब्द आहे. आत शिरल्यावर विटांच्या भिंती, डोक्यावर उंच छत, लाकडी तुळया, जाड खांब, आणि एक वास जो सगळ्या जुन्या कारखान्यांना असतो, तेल, धूळ आणि ओल मिळून, तो इतकी वर्षं रंग मारून पण गेलेला नाही.

हा वास मला लहानपणापासूनचा. आम्ही परळचे, वडील मिलमधे होते, ८२ च्या संपात घरी बसले ते परत गेलेच नाहीत. आमच्याकडच्या मिलमधे पण आता लोक नाचतातच की, पण आतली मिल इतकी घासूनपुसून काढलीय की चिमणी सोडली तर काही ओळखू येत नाही आणि चिमणीला पण लायटिंग केलंय. इथे निदान भिंत भिंतीसारखी ठेवलीय. एवढंच, पुढे जातो.

कोट जमा करा. हा सल्ला मोठ्या अक्षरात लिहिला असता. बाहेर उणे काहीतरी आणि आत हजारो लोकांच्या अंगाची वाफ, त्यात थर्मल घालून आलेला मुंबईकर पहिल्या दहा मिनिटांत इडली होतो. भावोजींनी स्वेटर काढायला नकार दिला, त्यांचा प्रश्न. बसायची सोय धरून चालू नका, सगळा मामला उभ्याने आहे. आणि कानात घालायचे फोमचे बोळे न्या, मी नेले होते, एक जोडी भावोजींना दिली, त्यांनी एकच घातला कारण दुसऱ्या कानाने त्यांना माझ्याशी बोलायचं होतं.

स्टेज बघून मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे लॅपटॉप शोधला. ही माझी जुनी खोड. इलेक्ट्रॉनिक म्हणून जाहिरात केलेले आपल्याकडचे आणि बाहेरचे पण कितीतरी शो असे बघितलेत की एक माणूस टेबलामागे उभा, समोर लॅपटॉप, त्याने एक बटन दाबलं की पुढचा तासभर तो फक्त हात वर करून आपल्याला टाळ्या वाजवायला सांगतो. इथे मी टाचा उंच करून, या खांबामागून त्या खांबामागून बघितलं, मला एकही दिसला नाही. दिसलं ते असं की मधे ड्रम, ते पण मागे चौथऱ्यावर नाही, पुढे, गायकाच्या जवळजवळ खांद्याला खांदा लावून, आजूबाजूला कीबोर्ड, मॉड्युलर सिंथचं कपाट ज्यातून वायरी शेवयांसारख्या लोंबतायत, तबकासारखे छोटे ड्रम, आणि एक काउबेल, ती आपल्या गाईच्या गळ्यातली असते तिची मोठी बहीण, काठीने वाजवायची. एवढ्याशा जागेत सात-आठ माणसं. वर प्रचंड मोठा आरशांचा गोळा.

आणि मला तेव्हा जे वाटलं ते मी परत येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही कारण तिकडे कुणाला कळलं नसतं, आता सांगतो. ही बेंजो पार्टी आहे.

परळ-लालबागच्या माणसाला वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी: डीजेच्या भिंती यायच्या आधी, आणि अजूनही बऱ्याच मंडळांपुढे, टेम्पोवर किंवा हातगाडीवर बेंजो असतो, टाइपरायटरसारखी बटनं दाबायची आणि तारा छेडायच्या, त्याला करंट जोडलेला, सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा, ढोल, मागे जनरेटर धूर सोडतोय. यंत्र विजेचं, पण एक एक ठोका माणसाच्या हातातला. म्हणून तो नाचणाऱ्यांकडे बघून वाढतो, वळणावर थांबतो, कुणी अंगात आल्यासारखं नाचत असेल तर त्याला सोडत नाही. डीजेला यातलं काही जमत नाही, त्याला आवाज वाढवता येतो फक्त. एलसीडी साउंडसिस्टीम घरी ऐकताना मशीन वाटतं, इतकं चोख. समोर बघितल्यावर कळतं की हे सगळं हाताने चाललंय आणि मशीनसारखं वाजवायला माणसाला किती मरावं लागतं.

पॅट माहोनी म्हणून ड्रमर आहे, बँड उभा राहिला तेव्हापासूनचा. मी डावीकडे सरकत सरकत त्याच्या समोर येऊन थांबलो आणि अर्धा शो फक्त त्याचा उजवा हात बघितला. हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, तो हात चालू झाला की गाणं संपेपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं, सारख्या अंतराने बारीक बारीक पडत राहतो, आणि दर ठोक्याच्या मधे झांज जराशी उघडते, ‘त्स्स’, परत बंद. एवढंच. कुठे हिरोगिरी नाही, गोल गोल वाजवून दाखवणं नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला, पाचव्यापर्यंत कोपरावरून घामाचे थेंब ड्रमवर पडून उडताना दिसायला लागले, लाइट मागून होता म्हणून दिसले. भावोजी माझ्या कानाशी येऊन ओरडले, ‘हा थांबत का नाही?’ मी म्हटलं तेच तर आहे ना.

मर्फी स्वतः तेव्हा ५४ चा. पिकलेले केस, पोट, चुरगळलेला शर्ट, हातात जुना चपटा माइक, आणि स्टेजवर असा फिरतो जसा घरमालक गळती कुठे आहे ते बघत फिरतो, या अँपला हात लाव, त्याच्या कानात काहीतरी सांग, मधेच काउबेल उचल आणि दोन मिनिटं बडव, मग आठवण झाल्यासारखा येऊन गा. त्याचा आवाज मोठा आहे असं मी म्हणणार नाही, पण ओरडतो तेव्हा खरं ओरडतो, कपाळावर शीर दिसते. नॅन्सी व्हांग कीबोर्डमागे चेहऱ्यावरची रेषा न हलवता उभी असते, बँकेच्या काउंटरवर उभी असल्यासारखी, आणि तिने दोन ओळी म्हटल्या की पब्लिक येडं होतं. टायलर पोपचा बास पोटात ऐकू येतो, कानात नाही.

पहिली तीन-चार गाणी मला थोडी अंगावरून गेली, खरं सांगतो. आवाज छान होता, सगळं चालू होतं, पण मी वीस वर्षं वाट बघितलेली आणि आता समोर आहे तर काहीच होईना, उगाच मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला, त्यात समोरच्या साडेसहा फुटी माणसाची टोपी आलीय. मग कुठल्यातरी जुन्या गाण्यात मधेच सगळे थांबले आणि नुसती काउबेल आणि हाय-हॅट राहिली. साधारण मिनिटभर. दुसरं काही नाही, टण टण टटण, त्स्स त्स्स. पब्लिकला कळेना टाळ्या वाजवायच्या का, आणि कुठूनतरी मागून पाय आपटायला सुरुवात झाली, सिमेंटची जमीन, हिवाळी बूट, ती लाट पुढे येत आली आणि तेव्हा पॅटने एकदाच मान वर करून गर्दीकडे बघितलं आणि ठेका एक इंच, शपथेवर सांगतो, एक इंच मागे घेतला, पायांना बरोबर घेण्यासाठी. बस, तिथे मी गेलो. गुडघा वगैरे नंतर बघू.

‘डान्स युवरसेल्फ क्लीन’ हे गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, पहिली तीन मिनिटं पुटपुटल्यासारखी असतात, इतकी हळू की आवाज वाढवावासा वाटतो, आणि वाढवलात की संपलात, कारण तीन मिनिटांनी छत खाली येतं. घरी दर वेळी मला माहीत असतं आणि दर वेळी दचकतो. इथे ती तीन मिनिटं सगळा हॉल श्वास धरून उभा होता, माझ्या बाजूला एक बाई होती साधारण साठीच्या आसपासची, तिने आधीच चष्मा काढून पर्समधे ठेवला, पर्स कोटाच्या आत, केस बांधले, सगळं शांतपणे, देवळात जाताना चपला कडेला लावतात तसं. मग पडलं. त्यानंतर तिच्या कोपराने मला दोनदा लागलं आणि तिने दोन्ही वेळा सॉरी म्हटलं.

मधे एक ब्रेक घेतात. मर्फी सरळ सांगतो की आम्ही जरा बाथरूमला जाऊन येतो, मग अजून गाणी आहेत, ‘वन्स मोअर’ ओरडायची नाटकं करायला नको. मला हे फार आवडलं. भावोजींनाही आवडलं, पूर्ण शोमधलं त्यांना मनापासून पटलेलं हे एकमेव वाक्य होतं आणि ते पण तिकडे गेले.

शेवट ‘ऑल माय फ्रेंड्स’ने केला. पियानोवर दोन स्वरसमूह, तेच ते, तेच ते, साडेसात मिनिटं. रेकॉर्डवर नीट ऐकलंत तर कळतं की तो पियानो थोडा अडखळतो, इकडे तिकडे सरकतो, मशीनवर एकच तुकडा फिरवत ठेवला असता तर सरकला नसता. मला गर्दीतून पूर्ण माणूस दिसत नव्हता, फक्त पियानोवरची मनगटं दिसत होती, चौथ्या मिनिटानंतर एक हात क्षणभर झटकून परत ठेवला, दुखला असणार, आणि त्या अर्ध्या सेकंदात तो स्वर नव्हता आणि सगळ्या हॉलने तो तोंडाने भरला. मित्र कुठे गेले, वय कुठे गेलं असं गाणं आहे ते, मी त्याचा अर्थ सांगत बसत नाही. मला सीडी राइट करून देणारा मित्र आता माझ्या संपर्कात नाही, भांडण वगैरे काही नाही, असंच. त्या रात्री त्याला मेसेज करावा म्हणून नंबर शोधला तर सापडला नाही.

कुरकुर करायचीच तर एक, नवी गाणी मधे लागोपाठ आली तिथे गर्दी सैल पडली आणि लोक गप्पा मारायला लागले, माझ्या मागचे दोघं त्यांच्या फ्लॅटच्या भाड्यावर बोलत होते, पूर्ण गाणंभर. तो बँडचा दोष नाही. आणि उंची पाच फूट पाचच्या आत असेल तर मधे उभे राहू नका, कडेला राहा, तिथून हात तरी दिसतात. आवाज मला तिथे जास्त मोकळा वाटला, मधे विटांवरून आपटून येणारा बास जरा गिचमिड करतो.

पाचापैकी साडेचार. अर्धा मी कापलाय तो माझ्या पहिल्या चार गाण्यांच्या थंडपणासाठी, तसा त्यांचा नाही.

परत येताना चालताना दोघांच्या कानात शिट्टी वाजत होती त्यामुळे बोलणं ओरडून चाललेलं. मी विचारलं कसं वाटलं. ते म्हणाले, ‘वाजवतात बरे. मेहनत आहे. पण गाणारा कुठे होता?’ मी म्हटलं अहो तो समोर होता तो कोण. ते म्हणाले, ‘तो मालक असेल.’ पेन स्टेशनला गाडीला वेळ होता, जिन्याखाली बसून घारगे खाल्ले, आजूबाजूला शो बघून आलेले दोघं-तिघं टी-शर्टवरून ओळखू येत होते, त्यातल्या एकाला भावोजींनी घारगा दिला, त्याने तो डोनट समजून खाल्ला आणि तीळ बघून फार खूश झाला.

प्रिन्स्टन जंक्शनला पोचलो तेव्हा पार्किंगमधे सगळ्या गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पापुद्रा. काच खरवडायची पट्टी घरी राहिलेली म्हणून भावोजींनी पाकिटातून किराणा दुकानाचं कार्ड काढलं आणि खरवडायला लागले. आधी नुसतं खर्र खर्र. मग खर्र, टण टण टटण, खर्र, कडा बंपरवर आपटून. मी म्हटलं भावोजी, काउबेल.

‘गप रे,’ म्हणाले, ‘बर्फ झटकतोय.’